मराठी नोटीस आणि अहवाल वाचायला सोपे कसे करावेत: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी मांडणीचे मार्गदर्शन

ऑगस्ट संपत आला की पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांची धावपळ सुरू होते. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपलेले असते, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हातात पडायला हवी. मग मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, दोन परिच्छेद वाढवायचे आणि छापायला टाकायचे, असे बहुतेक ठिकाणी चालते. नोटीस घरोघरी पोचते, पण वाचली जात नाही. सभेच्या पहिल्या अर्ध्या तासात जे प्रश्न येतात, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्याच कागदात, तिसऱ्या पानावरच्या एका सलग परिच्छेदाच्या पोटात दडलेली असतात.

ज्यांच्याकडे सचिवपद पहिल्यांदाच आले आहे, नव्या नोकरीत ज्यांच्यावर अहवाल लिहायची वेळ आली आहे, किंवा ज्यांना कॉलेजचा प्रकल्प मराठीत सादर करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण सोसायटीच्या नोटिशीचे आणि अहवालाचे घेतले आहे, कारण तो कागद वयाने, सवयीने आणि घाईने वेगवेगळ्या माणसांना वाचावा लागतो.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. असा कागद कोणी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचत नाही. प्रत्येकजण त्यात आपल्या कामाची जागा शोधतो: कोणाला पार्किंग, कोणाला थकबाकी, कोणाला पुनर्विकास. मांडणीचे काम ती जागा चटकन दाखवण्याचे आहे. आणि देवनागरीत हे काम देवनागरीच्या पद्धतीनेच करावे लागते. आपल्याकडे मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे असा भेद नाही. तिरपी अक्षरे आपल्या लिपीला शोभत नाहीत. अक्षराखाली रेघ ओढली तर ती उकारांना कापते. उरतात तीन गोष्टी: मोकळी जागा, आकार आणि जाडी. या तिन्ही नीट वापरल्या तर चौथ्याची गरज सहसा पडत नाही.

## पहिली पायरी: कागद कोणाच्या हातात जाणार?

टाइप करायला बसण्याआधी पाच मिनिटे हा विचार करा. नोटीस जिन्याखालच्या फलकावर लागणार असेल तर ती माणूस उभ्याने, दोन हात अंतरावरून वाचतो; तिथे १६ ते १८ पॉइंटचे अक्षर हवे आणि मजकूर एका पानात बसायला हवा. घरोघरी वाटायची प्रत १२ किंवा १३ पॉइंटमध्ये चालते. सोसायटीत ज्येष्ठ सभासद जास्त असतील तर १४ ठेवा, एखादे पान वाढले तरी वाढू द्या. देवनागरी अक्षर त्याच मापाच्या रोमन अक्षरापेक्षा सहसा लहान दिसते, त्यामुळे इंग्रजी पत्रात ११ पुरते म्हणून मराठीतही ११ ठेवणे ज्येष्ठांवर अन्याय करते.

प्रत झेरॉक्स होणार का, हेही आधीच ठरवा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुले ज्या नोट्स वाचतात, त्या कित्येकदा प्रतीच्या प्रतीच्या प्रती असतात. करड्या रंगातली टीप किंवा फिकट निळे शीर्षक त्यात पार पुसून जाते. झेरॉक्सच्या वाटेने जाणारा कागद काळ्या अक्षरांत, पांढऱ्यावर, कोणतीही रंगीत पार्श्वभूमी न देता करा. पडद्यावर वाचायच्या कागदासाठीही अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असा वेबवरच्या सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. पिवळ्यावर पांढरे किंवा लालवर निळे लिहिणारे या निकषात नापास होतात.

## दुसरी पायरी: मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, ते बघा

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती चुकली तर पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. पुण्यात मराठी संगणकीकरणाचे मोठे काम झाले. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ मध्ये इथेच सुरू झाली आणि श्री-लिपी हे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही पुण्यातलीच. त्या काळातल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. अशी जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांकडे आजही अशा फायली येतात.

ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला यूआय करा. मराठी मराठीच राहिले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर तो जुन्या पद्धतीतला आहे. आधी तो रूपांतरित करून घ्या, मग मांडणीला हात लावा. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे आणि रफार मात्र स्वतः वाचून तपासा. ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’, ‘कर्ज’ हे शब्द हमखास बिघडतात.

इथेच आणखी एक खोड काढून टाका. ‘विषय’ या शब्दापुढे दोन टिंबे हवी असतात तेव्हा अनेकजण विसर्ग टाइप करतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण संगणकाच्या लेखी विसर्ग हे अक्षर आहे. ते शब्दाला चिकटते, शोधताना ‘विषय’ हा पूर्ण शब्द सापडत नाही आणि वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्याचा उच्चार करू पाहते. दोन टिंबांसाठी इंग्रजी कळफलकावरचे चिन्हच वापरा.

## तिसरी पायरी: एक फॉन्ट निवडा आणि त्यालाच धरून राहा

नोटिशीसाठी एक फॉन्ट पुरतो, मोठ्या अहवालासाठी फार तर दोन: एक मजकुराला, एक शीर्षकांना. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट मिळतात, युनिकोडमध्ये आहेत आणि त्यांच्यात जाडीचे खरे वेगवेगळे नमुने आहेत. मुक्ताचे तर सात. ही जाडी महत्त्वाची आहे. ज्या फॉन्टमध्ये ठळक नमुनाच नाही, त्याला ‘बोल्ड’ केले की सॉफ्टवेअर अक्षराच्या कडा नुसत्या फुगवते आणि ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांची आतली जागा भरून जाते.

छापील अहवालाला थोडे पुस्तकी रूप हवे असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरे हिंदी वळणाची येतात. वाचता येतात, पण लहानपणापासून पाटीवर गिरवलेला ‘ल’ समोर आला की मराठी डोळा अडखळत नाही.

वर्डमध्ये एक अडचण नव्या माणसाला छळते: आकार १३ केला तरी इंग्रजी शब्द आणि आकडे वेगळ्याच फॉन्टमध्ये, वेगळ्याच मापात दिसतात. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ धरते आणि तिचा फॉन्ट व माप वेगळे साठवते. ‘कंट्रोल’ आणि ‘डी’ दाबून जी चौकट उघडते, तिथे दोन्हीकडे तोच फॉन्ट आणि तेच माप भरा. लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या चौकटीत हेच ‘सीटीएल’ नावाने असते.

आकड्यांचेही एकदाच ठरवा. देवनागरी आकडे वापरायचे तर सगळीकडे देवनागरी, रोमन तर सगळीकडे रोमन. एकाच तक्त्यात ‘१२,५००’ आणि त्याखाली दुसऱ्या लिपीतला आकडा आला की बेरीज करणारा थबकतो.

## चौथी पायरी: शीर्षके द्या, आणि ती ‘स्टाइल’ने द्या

या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल, तर ही करा.

बहुतेकजण शीर्षक असे करतात: ओळ निवडायची, ठळक करायची, माप वाढवायचे, खाली रेघ द्यायची. डोळ्याला ते शीर्षक दिसते, पण फाइलला ते शीर्षक आहे हे कळत नाही. त्याऐवजी ओळीवर कर्सर ठेवून ‘होम’ टॅबमधल्या ‘स्टाइल्स’मधून ‘हेडिंग १’ निवडा. वर्ड आणि गूगल डॉक्समध्ये ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ आणि १ एकत्र दाबले तरी चालते; लिबरऑफिस रायटरमध्ये ‘कंट्रोल’ आणि १. मुख्य विषयाला पहिली पातळी, त्याच्या पोटातल्या मुद्द्याला दुसरी. तिसऱ्या पातळीच्या खाली सोसायटीच्या अहवालात जाऊच नका.

असे केल्याने काय होते ते बघा. ‘व्ह्यू’ टॅबमधले ‘नेव्हिगेशन पेन’ उघडलेत की डाव्या बाजूला सगळ्या शीर्षकांची यादी येते आणि क्लिक करून थेट तिथे जाता येते. विषयांचा क्रम बदलायचा असेल तर शीर्षक तिथल्या तिथे ओढून वर-खाली नेता येते, त्याखालचा मजकूर आपोआप बरोबर जातो. अनुक्रमणिका ‘रेफरन्सेस’मधून एका क्लिकवर तयार होते, पान क्रमांकांसकट. सगळ्या शीर्षकांचे माप बदलायचे तर स्टाइल एकदा बदला, तीस ठिकाणी फिरायला नको. आणि शीर्षक पानाच्या तळाशी एकटे अडकून त्याचा मजकूर पुढच्या पानावर जात नाही, कारण पुढच्या परिच्छेदाला धरून राहण्याची सूचना त्या स्टाइलमध्येच असते.

यापेक्षाही मोठे कारण आहे. ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसते, ती माणसेही तुमच्या सोसायटीत, तुमच्या कचेरीत असतात. एनव्हीडीए हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. वाचनाच्या पद्धतीत असताना ‘एच’ ही कळ दाबली की ते एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारते. तुमच्या फाइलमध्ये खरी शीर्षके असतील, तर दृष्टिहीन सभासद वीस पानी अहवालातला लेखापरीक्षणाचा भाग काही क्षणांत गाठतो. नुसती ठळक केलेली ओळ असेल, तर त्याला वीसही पाने पहिल्यापासून ऐकावी लागतात. सभेत मत देण्याचा त्याचा हक्क इतरांइतकाच आहे, आणि तो हक्क बजावण्यासाठी लागणारी माहिती त्याला मिळते की नाही, हे तुमच्या या एका सवयीवर अवलंबून असते.

शीर्षकाचे शब्दही नेमके हवेत. ‘महत्त्वाचे’, ‘इतर माहिती’, ‘सूचना’ या शीर्षकांखाली काय आहे ते कळत नाही. ‘देखभाल शुल्कात वाढ: १ ऑक्टोबरपासून’ असे लिहा. ज्याला शुल्काशी घेणेदेणे आहे तो थांबेल, बाकीचे पुढे जातील, आणि दोघांचाही वेळ वाचेल.

## पाचवी पायरी: मोकळी जागा

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरे टांगत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. लिहायला ते वेगवान होते, कारण हात उचलावाच लागत नसे. वाचणाऱ्याला मात्र शब्द कुठे संपला ते अनुभवाने ओळखावे लागे. आजही मोडी शिकणाऱ्यांचे निम्मे कष्ट शब्द सुटे करण्यात जातात. तरी त्या कारकुनांनाही मांडणीची गरज कळलेली होती. वर ‘श्री’, मग ठरलेला मायना, आणि शेवटी मजकूर जिथे संपला तिथे ‘मोर्तब सुद’ किंवा ‘लेखनसीमा’चा शिक्का, म्हणजे त्याखाली कोणी नंतर ओळ घुसवू नये.

विरामचिन्हे मराठीत आली ती १९व्या शतकात, छापखान्यांच्या काळात. ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते आणि पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे प्रमुखही होते. आज स्वल्पविराम आणि पूर्णविराम आपल्याला इतके अंगवळणी पडले आहेत की ते बाहेरून आले हे आठवतही नाही. परिच्छेदांमधली मोकळी जागाही अशीच अंगवळणी पडायला हवी, कारण नोटिशींत आपण अजून मोडीसारखेच सलग लिहितो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते.

ओळींमधले अंतर: देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेले अंतर आपल्याला पुरत नाही. १.३ ते १.५ पटीच्या दरम्यान ठेवा. पण या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. मंगल फॉन्टमध्ये ओळ मुळातच उंच धरलेली असते, तिथे एकपट अंतरही बरेच मोकळे दिसते. खरी कसोटी अशी: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना टेकता कामा नये. अंतराच्या चौकटीत ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय घेऊ नका. माप कमी पडले तर अक्षरांवरच्या मात्रा छाटल्या जातात.

परिच्छेदांमधले अंतर: ते दोनदा ‘एंटर’ दाबून देऊ नका. परिच्छेदाच्या चौकटीत ‘आफ्टर’समोर ६ ते ८ पॉइंट भरा. नवे पान हवे असेल तर ‘एंटर’ दाबत खाली जाऊ नका, ‘कंट्रोल’ आणि ‘एंटर’ दाबा. नाहीतर वर एक ओळ वाढली की खालची सगळी पाने घसरतात. फाइलमध्ये आधीच असे रिकामे ‘एंटर’ किती पेरलेले आहेत ते बघायला ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ८ दाबा. लिबरऑफिसमध्ये ‘कंट्रोल’ आणि एफ १०. लपलेल्या खुणा दिसू लागतात.

समास: ए-४ कागदाला चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर. अहवाल बांधून घ्यायचा असेल तर डावीकडे आणखी एक सेंटिमीटर सोडा, नाहीतर ओळींची सुरुवात बांधणीत जाते.

ओळींच्या कडा: डावी कडा सरळ ठेवा, उजवी मोकळी सोडा. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह होतो, कारण पुस्तकात तसे असते. पण पुस्तकाची पाने जुळवणारा माणूस लांब शब्द ओळीच्या शेवटी हाताने तोडतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्यामुळे ‘पुनर्विकासासंदर्भातल्या’, ‘व्यवस्थापकांसमोरच्या’ असे लांबलचक शब्द होतात. ते ओळीत मावले नाहीत की पुढच्या ओळीवर जातात आणि मागे राहिलेल्या चार शब्दांमध्ये भोके पडतात. उजवी कडा मोकळी सोडली की हा प्रश्नच येत नाही.

आणि दोन अक्षरांमधले अंतर कधीच वाढवू नका. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून काहीजण अक्षरे ताणतात. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

## सहावी पायरी: ठळक करताना हात आखडता घ्या

ठळक अक्षर म्हणजे वाचणाऱ्याला केलेली हाक आहे. एका पानावर दोन-तीन हाका ऐकू येतात, वीस हाकांचा गलका होतो. नोटिशीत ठळक काय करायचे? सभेची तारीख व वेळ, ठिकाण, आणि एखादी शेवटची मुदत. एवढेच. अख्खा परिच्छेद ठळक केला तर त्यात महत्त्वाचे काय ते शोधायचे काम परत वाचणाऱ्याकडेच येते.

अधोरेखन टाळा. ‘सुरू’, ‘कृपया’, ‘पूर्तता’ हे शब्द अधोरेखित करून बघा, म्हणजे उकार आणि ऋकारांचे काय होते ते दिसेल. तिरपे अक्षरही नको. पुस्तकाचे किंवा ठरावाचे नाव वेगळे दाखवायचे तर एकेरी अवतरणचिन्हे पुरतात.

## सातवी पायरी: यादी कधी, तक्ता कधी

क्रमाने करायच्या गोष्टींना अंक द्या, क्रम नसलेल्यांना टिंबे. सभेपुढील विषयांना नेहमी अंकच द्या, कारण सभेत ‘विषय क्रमांक ४’ असा उल्लेख करावा लागतो आणि इतिवृत्तातही तोच क्रमांक येतो. अंक हाताने टाइप करू नका, यादीचे बटण वापरा. मधला एक विषय गळला तर पुढचे क्रमांक आपोआप सुधारतात. मात्र कारणमीमांसा यादीत कोंबू नका. ‘पाण्याचे टँकर का मागवावे लागले’ हे सांगायला दोन-तीन जोडलेली वाक्येच लागतात. टिंबांमध्ये तोडले की कारण आणि परिणाम यांचा सांधा निखळतो.

दोन किंवा जास्त गोष्टींची तुलना आली की तक्ता करा. मागील वर्षाचा खर्च, या वर्षाचा खर्च, पुढचे अंदाजपत्रक: हे वाक्यात लिहिले तर कोणालाही समजणार नाही. तक्त्यात शब्द डावीकडे आणि रकमा उजव्या कडेला लावा, म्हणजे एकं, दहं, शतं एकाखाली एक येतात. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, ‘१,२५,०००’ असा. रुपये हा शब्द प्रत्येक चौकटीत न लिहिता वरच्या मथळ्यात एकदा लिहा. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर मथळ्याची ओळ तिथेही यावी म्हणून ती ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ हा पर्याय चालू करा. उभ्या रेघा काढून टाकल्या तरी चालते, नुसत्या आडव्या फिकट रेघांनी तक्ता जास्त मोकळा वाटतो. झेरॉक्स होणार असेल तर आडव्या रेघाही काळ्या ठेवा.

रक्कम आणि एकक, किंवा पदवी आणि आडनाव, ओळीच्या शेवटी तुटू नयेत: ‘५००’ वर राहिले आणि ‘रुपये’ खाली गेले असे होऊ नये. तिथे साध्या जागेऐवजी ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘स्पेस’ एकत्र दाबा. ती जोडी एकत्रच राहते.

## एक नमुना

नेहमीची नोटीस अशी असते:

सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दि. १४ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या वाहनतळात आयोजित करण्यात आली असून सदर सभेत मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, वार्षिक हिशेबपत्रके मंजूर करणे, देखभाल शुल्क वाढीबाबत विचार करणे इत्यादी विषय असून गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी १०.३० वाजता घेण्यात येईल तसेच हिशेबाबाबत प्रश्न असल्यास ते ८ सप्टेंबरपर्यंत सचिवांकडे लेखी द्यावेत.

तोच मजकूर, जवळजवळ त्याच शब्दांत:

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस

सर्व सभासदांनी सभेस उपस्थित राहावे, ही विनंती.

रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी १० वाजता
ठिकाण: संस्थेचे वाहनतळ

सभेपुढील विषय

१. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे
२. वार्षिक हिशेबपत्रके मंजूर करणे
३. देखभाल शुल्क वाढीबाबत विचार करणे

हिशेबाबाबत प्रश्न
लेखी स्वरूपात ८ सप्टेंबरपर्यंत सचिवांकडे द्यावेत.

गणसंख्या न झाल्यास
सभा तहकूब होऊन त्याच ठिकाणी सकाळी १०.३० वाजता घेतली जाईल.

माहिती एकही वाढलेली नाही. सभासदाला मात्र तारखेसाठी एक नजर पुरते, आणि ८ सप्टेंबरची मुदत, जी पहिल्या नमुन्यात शेवटच्या शब्दांत हरवली होती, ती आता चुकणार नाही.

## आठवी पायरी: पाठवताना

फाइल वर्डमध्ये पाठवली तर समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसल्यास सगळी मांडणी हलते. पीडीएफ करा, पण ‘प्रिंट’मधून न करता ‘सेव्ह ॲज’मधून. त्याच चौकटीतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये शीर्षकांवरून बुकमार्क तयार करण्याची सोय असते, ती चालू करा, चौथ्या पायरीत केलेले काम पीडीएफमध्येही टिकते. नोटिशीचा फोटो काढून पाठवू नका. त्यात काही शोधता येत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मुका असतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ए-४ पान फोनवर बारीक दिसते. म्हणून पीडीएफसोबत चार ओळींचा साधा संदेशही टाका: काय, कधी, कुठे, शेवटची मुदत कोणती. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिले की तो ठळक होतो. तारांकन आणि अक्षर यांच्यात जागा सोडू नका. तारीख तेवढी ठळक करा.

## वाटण्याआधीची चाचणी

समितीत नसलेल्या एका सभासदाला प्रत द्या, शक्यतो साठीच्या पुढच्या. ‘वाचून बघा, कशी वाटते’ असे विचारू नका. लोक भिडेखातर छान म्हणतात. तीन गोष्टी शोधायला सांगा: शुल्कवाढ किती आहे, प्रश्न कधीपर्यंत द्यायचे, लिफ्टच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला. मधे बोलू नका, त्यांची नजर कुठे थबकते ते बघा. शोधताना पान उलटून परत मागे यावे लागले, तर त्या गोष्टीला शीर्षक नाही किंवा शीर्षकाचे शब्द चुकले आहेत. चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ घेतला, तर माप वाढवा.

सगळे जमले की या फाइलमधल्या तारखा आणि रकमा काढून ती ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करा आणि संस्थेच्या ईमेल खात्यात ठेवा, स्वतःच्या संगणकात नको. समिती बदलते, सचिव बदलतो. पुढच्या ऑगस्टमध्ये जो कोणी बसेल त्याला शीर्षके, अंतरे आणि तक्ते तयार मिळतील आणि त्याचा सगळा वेळ मजकुराकडे जाईल.